घाटाचा राजा आणि शून्य परिकल्पना

शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, क्रीडामानसशास्त्र अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत ‘संशोधन पद्धती व संख्याशास्त्र’ हा विषय सर्वांत शेवटी येऊन बसतो आणि सर्वांत अधिक जागा अडवतो. एरवी लोहगडाच्या पायऱ्या न थांबता चढणारे, शंभर जोर काढून झाल्यावर नाश्त्याची चौकशी करणारे आणि प्रतिस्पर्ध्याच्या मानेचा घेर पाहून यत्किंचितही न डगमगणारे तरुण फळ्यावर सिग्मा हे ग्रीक अक्षर उमटताच खिडकीबाहेर पाहू लागतात. त्याच तासाला त्यांना प्रमाण विचलन शिकवले जाते. एखाद्या गटातील माणसे सरासरीपासून साधारणपणे किती दूर पांगली आहेत याचे ते माप असते. वर्गाची सरासरी उंची साडेपाच फूट निघाली तरी वर्गातील प्रत्येक मुलगा साडेपाच फुटांचा नसतो एवढाच त्याचा आशय असून, हे सांगण्यासाठी वर्गमूळ काढावे लागते ही संख्याशास्त्राची हौस होय.

सिग्मासमोरची ही भीती आकड्यांची असते असे मानण्यास मात्र पुरावा नाही. तळेगाव दाभाडे ते चाकण या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी वसलेले आणि सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या गढीमुळे इतिहासाच्या पुस्तकांत डोकावणारे इंदुरी हे गाव उदाहरणादाखल घेतले, तर तेथील आणि एकंदर मावळातील जाणता तरुण कोणत्या यात्रेत कोणत्या मालकाची बारी किती सेकंदांत बसली हे दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांसह तोंडपाठ सांगू शकतो. बारी म्हणजे बैलगाड्याची एक धाव, घाट म्हणजे ती धाव जेथे होते ती चढती धावपट्टी, आणि त्या दिवशी सर्वांत कमी वेळात घाट पार करणारा गाडा तो घाटाचा राजा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या. मधल्या साडेसात वर्षांच्या, निदान कागदोपत्री रिकाम्या, रकान्याला संख्याशास्त्र ‘गहाळ निरीक्षणे’ असे नाव देते, आणि निरीक्षणे का गहाळ झाली हे ठाऊक असल्याशिवाय अलीकडच्या व पलीकडच्या आकड्यांची तुलना करू नये असे बजावते. घाटावर हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. २०१३ च्या बैलाची २०२२ च्या बैलाशी सेकंदांवरून तुलना करणाऱ्याला तेथे कोणी चहासुद्धा विचारणार नाही.

तेव्हा ज्या तालुक्यात मोजमापाविषयी इतकी जागरूकता आहे, त्याच तालुक्यातील तरुण महाविद्यालयात जाऊन मोजमाप शिकू लागला की त्याची मती का गुंग होते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर बहुधा असे आहे की घाटावर घड्याळाकडे पाहणाऱ्यांमध्ये हरणाऱ्या गाड्याचा मालकही असतो. निशाण पडले कधी, घड्याळ सुरू झाले कधी आणि बंद करणाऱ्याचा मेहुणा कोण, या तिन्ही बाबींवर त्याचे बारीक लक्ष असते, आणि विज्ञानात ज्याला वस्तुनिष्ठता म्हणतात ती घाटावर अशा रीतीने विरोधकांच्या संशयातून आपोआप निर्माण होते. प्रबंधाच्या बाबतीत असा विरोधक कोठेच नसतो. संशोधकाला निकाल हवा असतो, मार्गदर्शकाला निकाल हवा असतो, टंकलेखकाला पैसे हवे असतात, आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या मुलांना घरी जायचे असते.

प्रबंधाचा आरंभ शीर्षकापासून होतो आणि शीर्षकाचा साचा ठरलेला असतो. ‘अमुक तालुक्यातील तमुक वयोगटातील विद्यार्थ्यांच्या निवडक शारीरिक क्षमता घटकांवर ढमुक व्यायाम कार्यक्रमाच्या होणाऱ्या परिणामांचा अभ्यास’ या वाक्यातील अमुक, तमुक व ढमुक यांच्या जागा भरल्या की निम्मे संशोधन संपले असे मानले जाते. यात व्यायाम कार्यक्रम हा स्वाश्रयी चल, म्हणजे संशोधक ज्यात मुद्दाम बदल घडवतो तो घटक. आणि शारीरिक क्षमता हा आश्रयी चल, म्हणजे त्या बदलामुळे जो बदलावा अशी अपेक्षा असते तो. ‘निवडक’ हा शब्द मात्र शीर्षकातील खरा मुत्सद्दी होय, कारण घटक कोणी व कशासाठी निवडले याचे उत्तर तिसऱ्या प्रकरणात कितीही शास्त्रोक्त दिले असले, तरी वस्तुतः शाळेत एकच स्टॉपवॉच, एक मोजपट्टी आणि उडी मारण्यापुरती माती उपलब्ध होती, हेच त्या निवडीचे तत्त्व असते.

त्यानंतर नमुना निवड. ज्या मोठ्या लोकसंख्येविषयी बोलायचे तिच्यातून प्रत्यक्ष तपासण्यासाठी घेतलेला लहान गट म्हणजे नमुना, आणि लोकसंख्येतील प्रत्येकाला त्या गटात येण्याची समान संधी मिळाली तर तो यादृच्छिक नमुना. शीर्षकात लोकसंख्या मावळ तालुक्यातील सर्व विद्यार्थी अशी असते. नमुना मात्र संशोधकाचे मामा ज्या शाळेत लिपिक आहेत त्या शाळेतील नववीच्या ‘ब’ तुकडीचा असतो, आणि ती तुकडी निवडण्याचे कारण म्हणजे ‘अ’ तुकडीचा गणिताचा अभ्यासक्रम मागे राहिलेला असतो. मग त्या तुकडीच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या काढून व्यायाम करणारा प्रायोगिक व न करणारा नियंत्रित असे दोन गट पाडले जातात आणि प्रबंधात ‘लॉटरी पद्धतीने यादृच्छिक निवड करण्यात आली’ असे लिहिले जाते. चिठ्ठ्या काढल्यामुळे दोन गट एकमेकांशी तुल्य झाले हे खरे. पण त्यामुळे नववी ‘ब’ ही तुकडी साऱ्या मावळाची प्रतिनिधी झाली असे नव्हे. निवड यादृच्छिक असणे आणि वाटणी यादृच्छिक असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी असून, त्यांची गल्लत करण्यात मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांचे विद्यार्थी समान कौशल्य दाखवतात.

या वाटणीच्या कल्पनेचा मूळ पुरुष रोनाल्ड फिशर हा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ होय, आणि त्याने ती रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात पिकांच्या वाफ्यांवर काम करताना १९२० च्या दशकात पुढे आणली. कोणत्या वाफ्यात कोणते खत घालायचे हे माणसाच्या आवडीवर सोडले तर चांगली जमीन आवडत्या खताला मिळते, म्हणून ते दैवावर सोडावे, हा त्याचा विचार होता. मावळाला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात याच धर्तीच्या प्रयोगांतून वाणांची पारख होत आली आहे आणि ज्या इंद्रायणी तांदळाच्या वासाने पुण्यातील गृहिणी दुकानदाराशी भांडतात तो त्याच केंद्राचा. अडचण इतकीच की भाताचे रोप शेवटच्या, म्हणजे उत्तर चाचणीच्या, दिवशी मामाच्या गावाला जात नाही. जूनमध्ये पूर्व चाचणी घेऊन बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखणाऱ्या संशोधकाला आधी देहूहून निघणारी पालखी आडवी येते, मग आवणी येते आणि निम्मा प्रायोगिक गट गुडघाभर चिखलात भाताची रोपे लावू लागतो, मग श्रावणातले उपवास, मग गणपती. आणि नियंत्रित गटाने या काळात कोणताही विशेष व्यायाम केला नाही असे जे प्रबंधात म्हटलेले असते, ते त्या गटाने दिवसाकाठी किती चिखल तुडवला हे न विचारताच म्हटलेले असते. प्रयोगातून मध्येच निघून जाणाऱ्यांना शास्त्रीय भाषेत गळती म्हणतात. गळती कोठे व का झाली याची नोंद ठेवणे आवश्यक असते. प्रत्यक्षात उत्तर चाचणीच्या दिवशी जितकी मुले मैदानावर सापडतात तितकीच मुले पहिल्यापासून होती असे ठरवून पूर्व चाचणीच्या तक्त्यातील उरलेल्या ओळी पुसल्या जातात, आणि ज्यांना व्यायाम झेपला नाही ती मुले अशा रीतीने शास्त्रातूनही उठतात.

मोजमापाचा भाग याहून मनोरंजक आहे. पन्नास मीटर धावण्याची वेळ हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवर घेतली तर घड्याळ दाबणाऱ्याचा प्रतिसाद उशिरा होतो, आणि म्हणून मैदानी खेळांच्या नियमांत शंभर मीटरच्या हातमोजणीची विद्युत मोजणीशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवण्याची रूढी आहे. शिवाय हातमोजणी एक दशांश सेकंदापर्यंतच नोंदवावी असाही दंडक आहे. प्रबंधात मात्र नववी ‘ब’ चे मध्यमान ८.४३८६ सेकंद असे चार दशांश स्थळांपर्यंत दिलेले आढळते. यातील शेवटचे दोन अंक कोणत्याही मुलाच्या पायांतून आलेले नसून गणकयंत्राच्या पोटातून आलेले असतात, परंतु ते खोडण्याचे धैर्य सहसा कोणी करत नाही, कारण अधिक अंक म्हणजे अधिक शास्त्र अशी एक श्रद्धा आहे. विश्वसनीयता, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा मोजली असता तेच उत्तर येणे, आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे आहे तेच मोजले जाणे, या दोन कसोट्यांची व्याख्या परीक्षेत पाच गुणांना विचारली जाते आणि मैदानावर शून्य गुणांना वापरली जाते.

सप्रमाणतेचे सर्वांत झणझणीत उदाहरण योगाच्याच क्षेत्रात घडलेले आहे. हृदय थांबवता येते असा दावा करणाऱ्या योग्यांचा शोध घेत वेंगर व बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक भारतात ठिकठिकाणी फिरले आणि दिल्लीच्या आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळल्यावर मनगटाची नाडी लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमध्ये हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत, आणि भोवतालची मंडळी हात जोडतात, येथपर्यंत सर्व खरे होते. केवळ हृदयाच्या विद्युत आलेखाने हात जोडले नाहीत, त्यात हृदय व्यवस्थित चालू असल्याचे दिसत होते. नाडी न लागणे आणि हृदय न चालणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे तेच विश्वास आणि सप्रमाणता यांत आहे.

या बाबतीत मावळातील विद्यार्थ्याला उदाहरण शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या संशोधकांकडे जाण्याची गरजही नव्हती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून त्यात क्ष-किरणचित्रे, दाबमापकाची वाचने व तक्ते छापण्यास आरंभ केला. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना आतड्यातील दाबाचे काय होते हा त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो सोडवण्याची रीतही सरळ होती: नळी घालावी, तिला दाबमापक जोडावा आणि पारा कोणत्या दिशेला सरकतो ते पाहावे. पारा बाहेरील हवेपेक्षा कमी दाब दाखवू लागला, तेव्हा त्या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास यांचे नाव दिले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पारा उलट दिशेलाही जाऊ शकला असता. प्रयोगाची रचना अशी होती की तो फसण्यास मोकळा होता. आजच्या बहुसंख्य प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात कुवलयानंदांचा उल्लेख असतो, आणि तो योग आरोग्यास हितकारक आहे असे त्यांचे मत होते एवढ्यापुरताच असतो. ज्या माणसाने मत देण्याऐवजी नळी घातली, त्याचे नेमके मत तेवढे उरले आणि नळी गळाली.

कैवल्यधामाच्या आरंभीच्या काळात तेथे योगाभ्यास केलेल्या के. टी. बेहनन या केरळी संशोधकाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. येल विद्यापीठात काम करणाऱ्या बेहनन यांनी श्वसनाच्या अभ्यासाआधी व नंतर स्वतःचीच बौद्धिक चाचणी घेतली, आणि प्राणायामानंतर आपल्या बौद्धिक कामाचा वेग वाढला नसून मंदावला असे १९३७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवून टाकले. एका माणसाचा नमुना, तोही स्वतः संशोधक, म्हणजे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ अपराधच. तरीसुद्धा तीस मुलांच्या कित्येक प्रबंधांपेक्षा हा एकट्याचा प्रयोग वजनदार वाटतो, कारण त्यात संशोधकाला न आवडणारे उत्तर छापलेले आहे. अर्थात एका माणसावरून सर्वांविषयी बोलता येत नाही, आणि एका दिवसावरून त्या एका माणसाविषयीही बोलता येत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ, ज्यांनी रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा सांभाळली, उत्तरायुष्यात पुण्यात बसून हेच सांगत होते की एकाच निरोगी माणसाचा आहार व ऊर्जेचा वापर आठवड्यागणिक बदलतो, म्हणून एका वेळच्या मापावरून त्याला उपाशी ठरवू नये. या न्यायाने सोमवारी घेतलेल्या एका चाचणीवरून इंदुरीच्या एखाद्या मुलाची ‘सहनशक्ती निकृष्ट’ ठरवण्यापूर्वी रविवारी गावात कोणाची वरात होती एवढी चौकशी तरी व्हावयास हवी.

यानंतर शून्य परिकल्पना. ‘या व्यायामामुळे काहीही फरक पडत नाही’ असे विधान मुद्दाम उभे करायचे आणि मग मिळालेल्या माहितीच्या बळावर ते पाडायचे, ही पद्धत विद्यार्थ्याला प्रथम वेडगळ वाटते, कारण फरक पडतो असे ज्याला म्हणायचे आहे त्याने पडत नाही असे का म्हणावे हे त्याला समजत नाही. कुस्तीच्या भाषेत सांगितले तर ते चटकन समजते: आपल्या म्हणण्याचा दम जोखण्यासाठी त्याच्यासमोर लावलेली जोड म्हणजे शून्य परिकल्पना. मात्र ही भाषा एकदा स्वीकारली की प्रबंधांची दुसरी बाजूही उघडी पडते, कारण तेथे लावलेली जोड बहुधा नुरा कुस्तीची असते, म्हणजे निकाल आधी ठरवून केलेली. प्रायोगिक गट बारा आठवडे रोज पाऊण तास घाम गाळतो, नियंत्रित गट ‘दैनंदिन कामे’ करतो, आणि शेवटी घाम गाळणारे अधिक जोर काढतात असा शोध लागतो. यात पाडण्यासारखे काहीही नव्हते. शून्य परिकल्पना पोशाख घालून आली, सलामी दिली आणि स्वतःहून पाठीवर पडली. खरी निकाली कुस्ती लावायची तर दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ तितकाच घाम गाळायला लावला पाहिजे: एकीकडे सूर्यनमस्कार तर दुसरीकडे नुसत्या आट्यापाट्या. पण मग आट्यापाट्या जिंकण्याचा धोका संभवतो, आणि असा धोका पत्करण्यास मार्गदर्शकाची स्वाक्षरी मिळणे कठीण जाते.

परिकल्पना पडली की नाही याचा कौल टी-चाचणी देते. दोन गटांच्या सरासरीतील फरक हा गटांतील नैसर्गिक पांगापांगीच्या मानाने किती मोठा आहे हे सांगणारी ही चाचणी लहान नमुन्यांसाठी १९०८ मध्ये विल्यम गॉसेट याने शोधली, आणि तो डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला असल्यामुळे व कारखान्याला आपल्या माणसांनी उघडपणे लेखन करणे मान्य नसल्यामुळे त्याने ती ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. निर्व्यसनी राहण्याची शपथ घेऊन मारुतीसमोर दंड थोपटणाऱ्या मल्लाच्या एम.पी.एड.चा निकाल अखेर एका बिअरच्या कारखान्यातून येतो ही गोष्ट तालमीतील वस्तादांना सांगण्याची प्रथा नाही.

त्या निकालाचे शिखर म्हणजे ०.०५ हा सार्थकता स्तर. त्याचा खरा अर्थ असा की व्यायामाने काहीच फरक पडत नसता, तरीही केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे. निष्कर्ष पंचाण्णव टक्के खरा आहे असा त्याचा अर्थ होत नाही, फरक मोठा आहे असा होत नाही, आणि तो उपयोगाचा आहे असा तर मुळीच होत नाही. परंतु प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात हे तिन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदताना आढळतात. शिवाय कौल लागेपर्यंत विचारत राहण्याची सोय असतेच. वजन, उंची, छातीचा घेर, पोटाचा घेर, श्वास रोखण्याचा काळ, डाव्या पायावरील तोल, उजव्या पायावरील तोल असे वीस घटक मोजले आणि ते परस्परांशी असंबद्ध धरले, तर व्यायाम सर्वस्वी निरुपयोगी असला तरी त्यांपैकी निदान एका घटकात सार्थक फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे चौसष्ट इतकी भरते. मग डाव्या पायावरील तोल सुधारला असे निघते, उजव्याचे काय झाले याचा उल्लेख राहून जातो, आणि डाव्या पायाच्या तोलाचे राष्ट्रउभारणीतील महत्त्व विशद करणारी दीड पाने पहिल्या प्रकरणात मागाहून घातली जातात.

हा रोग केवळ मावळाचा नाही हे सांगणे न्यायाचे होईल. खेळाडूंवरील प्रयोगांत माणसे थोडी आणि फरक बारीक असल्याने ०.०५ चा उंबरठा सहसा ओलांडला जात नाही, या सार्वत्रिक दुःखावर २००६ मध्ये ॲलन बॅटरहॅम व विल हॉपकिन्स यांनी एक उपाय सुचवला: सार्थक की निरर्थक असा एकच प्रश्न न विचारता, परिणाम हितकारक, नगण्य वा हानिकारक असण्याच्या शक्यता काढाव्यात आणि ‘बहुधा हितकारक’ अशा सोप्या शब्दांत निकाल द्यावा. क्रीडाशास्त्रज्ञांना हा उपाय मनापासून आवडला, कारण पूर्वी ज्या प्रयोगातून काहीच निघत नसे त्यातून आता ‘बहुधा’ तरी निघू लागले. पुढे २०१५ मध्ये वेल्श व नाइट यांनी आणि २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टिन सैनानी यांनी या पद्धतीचे गणित तपासले, तेव्हा लहान नमुन्यांत ती नसलेले परिणाम असल्याचे सांगण्याची चूक अधिक वेळा करते असे दिसून आले, आणि क्रीडाविज्ञानात मोठा वाद माजला. सूत्र बदलूनही कुस्ती नुराच राहते, एवढे त्या वादातून इंदुरीच्या विद्यार्थ्याने घेतले तरी पुरे.

घाटावर परत जाण्याचे कारण पुढील संकल्पना होय. घाटाचा राजा ठरलेला गाडा पुढच्या यात्रेत सहसा तितक्या वेगाने धावत नाही, आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून नजर लागणे, पुढे धावणाऱ्या घोडीचा बिघडलेला मूड, बदललेला खुराक व विरोधकांनी पुरलेले लिंबू ही कारणे क्रमाक्रमाने मांडली जातात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने १८८६ मध्ये आईबापांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना दाखवले की अतिशय उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीकडे थोडी झुकतात. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. कोणतीही विक्रमी बारी ही बैलांची ताकद आणि त्या दिवसाचे नशीब यांची बेरीज असते, त्यांतील ताकद पुढच्या यात्रेला बरोबर येते आणि नशीब येत नाही. याच्या उलट, सर्वांत वाईट धावलेल्या गाड्याच्या मालकाने लिंबू बांधले की पुढच्या वेळी गाडा हमखास सुधारतो, आणि लिंबाची कीर्ती वाढते. शाळेतील ‘सर्वांत कमकुवत’ तीस मुले निवडून त्यांना प्राणायाम दिल्यावर ती सुधारली, या निष्कर्षातील प्राणायाम किती आणि लिंबू किती हे नियंत्रित गटाशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

याच गाल्टनने पुढे प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या वजनाविषयी लोकांनी तिकिटांवर लिहिलेल्या ७८७ अंदाजांचा मध्यक काढला, म्हणजे अंदाज चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला उचलला, तेव्हा तो १२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड भरले. यात गर्दीच्या शहाणपणापेक्षा तिकिटाचे शहाणपण अधिक होते, कारण प्रत्येकाने आपला अंदाज शेजाऱ्याला न दाखवता लिहिला होता. इंदुरीवरून जाणारा रस्ता ज्या चाकणच्या जनावरांच्या बाजाराकडे नेतो, तशा बाजारांत रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे. उलट शाळेच्या मैदानावर मुलांना एकामागून एक सर्वांदेखत बैठका काढायला लावले की दुसऱ्याने पहिल्याहून एक अधिक काढायची, हा नियम दुसऱ्या मुलापासूनच लागू होतो आणि स्वतंत्र निरीक्षणे या अटीचे तेथेच विसर्जन होते.

कार्यकारणाचा प्रश्न याहून अवघड. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील वाहक दिवसभर जिने चढउतार करतात आणि चालक बसून राहतात, म्हणून चालकांना हृदयविकार अधिक होतो, असे जेरी मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले आणि व्यायामाच्या विज्ञानाला एक भक्कम पाया मिळाला. मॉरिस शहाणा होता; १९५६ मध्ये त्याने गणवेशाच्या नोंदी तपासल्या आणि चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर तरुण वयातच वाहकांहून अधिक असल्याचे स्वतःच प्रसिद्ध केले. म्हणजे काही अंशी बसल्यामुळे माणसे जाड झाली नव्हती, तर जाड माणसेच बसण्याच्या कामाला गेली होती. एसटीत जिना नसला तरी यात्रेच्या दिवसातील गर्दीतून पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत तिकिटे फाडत जाणाऱ्या वाहकाचा व्यायाम लंडनच्या वाहकाहून कमी भरेल असे वाटत नाही, आणि हा विषय अद्याप कोणा प्रबंधाच्या शीर्षकात आलेला दिसत नसेल तर तो येथे विनामूल्य उपलब्ध आहे. देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे वारकरी काटक असतात हेही तसेच. चालल्याने काटक झाले की काटक होते म्हणून चालू शकले, हे ठरवायचे तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या वारकऱ्यांना घरी बसवावे लागेल, आणि त्या प्रयोगाला नीतिसमितीची मान्यता मिळाली तरी वारकऱ्यांची मिळणार नाही.

शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक नमुना तीसच का घेतला असे विचारतात, विद्यार्थी मार्गदर्शकांकडे पाहतो, मार्गदर्शक बशीतील काजूकडे पाहतात, आणि पुस्तकात असे आहे या उत्तरावर उभयपक्षी समाधान होऊन ‘पुढील संशोधनास वाव’ या शीर्षकाखाली हाच अभ्यास मुलींवर, महाविद्यालयीन युवकांवर व इतर तालुक्यांत करावा अशी शिफारस केली जाते. इतर तालुके दूर असल्याने पुढील वर्षीचा संशोधक पुन्हा त्याच शाळेत जातो. अशा शाळेतील मुलांना आतापर्यंत योगासने, दोरीवरच्या उड्या, पायऱ्यांची चढउतार व लेझीम हे सर्व प्रायोगिक कार्यक्रम क्रमाने देऊन झालेले असतात, त्यामुळे त्यांच्या क्षमतेत झालेली वाढ नेमकी कोणत्या प्रबंधाच्या खात्यावर टाकावी हे कळेनासे होते. आणि मुलांना तर त्याहून एक महत्त्वाची गोष्ट उमगलेली असते, ती अशी की पहिल्या चाचणीत फार जोरात धावू नये, दुसऱ्या चाचणीत धावावे, म्हणजे सर खूश होतात आणि त्या दिवशी वडापाव मिळतो.